पासंग

तिसऱ्या फेरीनंतर प्लेट पिवळी झाली
तेव्हा मी पूर्वेशला हाक मारली, उईकेदादांनाही.
कूलरमध्ये बादली ओतता ओतता दादा म्हणाले,
"लागलं का मॅडम?"
लागलं, म्हटलं. बघा ना, हळद लागावी तसं.

मण्यारीच्या विषातलं एक प्रथिन
आम्ही विहिरींच्या तळाला बसवलं होतं.
छ्याण्णव विहिरी, तळहाताएवढ्या प्लेटीत.
वरून सोडले अब्जभर फाज,
प्रत्येकाच्या टोकाला बारा अक्षरांचं नाव.
ज्याचं नाव विषाला पटेल तो थांबेल,
बाकीचे धुऊन जातील.
हे कागदावर.

मग नजर गेली शेवटच्या रांगेवर.
तिथे विष नव्हतंच.
नुसतं प्लास्टिक, वर दुधाचा हात.
तीही पिवळी.
इकडे एक पूर्णांक आठ, तिकडे एक पूर्णांक सात.
पूर्वेशने फोटो काढून झाला होता.
त्याने मोबाईल खिशात ठेवला.

बाहेर शेहेचाळीस. आमचा इनक्युबेटर सदतीसवर,
म्हणजे त्या दुपारी अमरावती रोडवरची
बहुधा सगळ्यात गार जागा.
मी संशय घेत बसले.
कडेच्या विहिरी आधी आटल्या असतील.
धुताना लाईट गेली, तिसरं पाणी तासभर तसंच राहिलं.
रंग आणणारं प्रतिपिंड शिळं असेल,
वाटेल तिथे बसकण मारणारं.
किंवा दूधच. दुधालाच धरून बसलेले
काही असतात म्हणे.

आठ दिवसांनी अक्षरं वाचून आली.
वीस फाजांपैकी चौदांचं नाव एकच,
त्यात ट्रिप्टोफॅन, परत ट्रिप्टोफॅन, परत.
त्यांना विषाशी काही देणंघेणं नव्हतं.
त्यांना प्लास्टिक आवडलं होतं.
आणि मी महिनाभर, रात्री जागून,
फेरीफेरीला त्यांचीच पैदास वाढवत होते.

बाबा कळमन्याला मापारी होते.
संत्र्यांची पाटी चढवण्याआधी
काटा रिकामाच उचलायचे.
डावं पारडं झुकायचं, दर हिवाळ्यात थोडं जास्त,
मग उजव्याखाली सुतळीनं बांधायचे
एखादा खडा, कधी वीस पैशांचं नाणं.
अडत्या हसायचा, "हवा विकतो का बे?"
बाबा मान वर न करता म्हणायचे,
मला की त्याला, कळलं नाही कधी:
"रिकाम्यालेबी वजन असते.
आधी थे काढ, मंग माल घाल."
पुढे शाळेत वाचलं, पासंगालाही न पुरणे,
आणि मला वाटलं,
पासंग म्हणजे क्षुल्लक काहीतरी.

आता अब्जभर फाज
आधी कोऱ्या प्लेटीत सोडते.
ना विष, ना काही. तासभर.
जे थांबतात ते थांबोत, मी वरचं पाणी उचलते.
पुढे जातात तेवढेच,
ज्यांना अजून काहीच आवडलेलं नाही.
एका फेरीला दूध, पुढच्या फेरीला जिलेटिन,
धुण्यात साबण जरा जास्त.
मॅडम म्हणतात, फार धुशील तर हवा तोही जाईल.
जाईलही.

काल वाचन घेतलं.
वहीत रिकाम्या रांगेचा आकडा आधी लिहिला,
शून्य पूर्णांक शून्य सहा.
कोरं आहे म्हणून शून्य नव्हे.
सुतळीला लटकलेल्या नाण्याइतकं.
मग विषाच्या रांगेचा,
शून्य पूर्णांक चार, आणि तोही दोनच विहिरींत.

उईकेदादा खांद्यावरून वाकले.
"मॅडम, यंदा कमी पिवळं झालं हो."

हो दादा, म्हटलं,
आणि त्या दोन विहिरींचे नंबर
पेनाने गोल केले.